गाडी अजून परप्रांतीयच

बंगळुरूतली नोकरी सोडून माणसं पनवेलजवळच्या सुकापूरला बिऱ्हाड थाटतात, माथेरान रोडवर भाजी घेताना घासाघीसही करू लागतात; गाडीवर मात्र कर्नाटकाचा ‘केए’च. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो. आधी तिकडची एनओसी, मग इथला रोड टॅक्स, तेव्हा कुठे पनवेलचा ‘एमएच ४६’. तिकडे ‘आजीवन’ म्हणून भरलेल्या टॅक्सचा परतावा? अर्ज करा, हेलपाटे घाला! (आजीवन कोणाचं, गाडीचं की आपलं, कोण जाणे.) २०२१ मध्ये राज्य बदललं तरी चालणारी ‘बीएच’ नंबरांची मालिका आली खरी, पण ती सरकारी नोकरांसाठी आणि किमान चार राज्यांत कचेऱ्या असलेल्या कंपन्यांतल्यांसाठी. छोट्या धंदेवाल्यानं दोनदा टॅक्स भरायचा.