टिनिटस: आशा दाखवा, हमी नको

मागील अंकातील पत्रात ‘मेंदूला चुंबकीय स्पंदने दिली की कानातला आवाज कायमचा थांबतो’ असे ठाम विधान आहे. ते मला मान्य नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार सरसकट करू नये, असेच म्हटले आहे.

ध्वनीसोबत जिभेला सौम्य विद्युत उत्तेजन देणाऱ्या ‘लेनायर’ या आयरिश उपकरणाला २०२३मध्ये एफडीएची मंजुरी मिळाली, हे खरे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीतील ३२६ जणांपैकी बहुतेकांना उतारही पडला. पण तिच्यात खोट्या उपचाराचा तुलनागट नव्हता. शिवाय कमी झाला तो त्रास. आवाज नाहीसा झाला, असे नव्हे. रात्ररात्र झोप नसलेला माणूस हा फरक विसरतो आणि कर्ज काढून उपचारांमागे धावतो, म्हणून असल्या हमीची मला चीड येते.

आधी श्रवणचाचणी करावी. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेच पुष्कळांना आराम पडतो. विचार-वर्तन उपचारपद्धतीची तर त्याच सूचनांत शिफारस आहे. पत्रात तिचा उल्लेखही नसावा? आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठेक्यावर येत असेल, तर मात्र कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी तज्ज्ञाला दाखवावेच.

– एक वाचक