चिमणीजवळची गळती: ‘पावसाळा गेल्यावर बघू’ हे उत्तर का चालू नये?

नव्या घराची वास्तुशांती उन्हाळ्यात होते आणि जुलैच्या झडीत स्वयंपाकघरातील चिमणीच्या पाइपभोवती भिंत ओली दिसू लागते. ठेकेदार येतो, आतून पुट्टी आणि रंग मारून जातो. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा तिथेच. वैनगंगेकाठच्या वडसा (देसाईगंज) भागात पाऊस भरपूर पडतो. त्यामुळे काम कच्चे असेल तर ते पहिल्याच पावसाळ्यात उघडे पडते. तरीही दुरुस्तीचा खर्च बहुतेकदा घरमालकाच्याच माथी येतो. हे बदलायला हवे.

पाणी येते कुठून?

चिमणीच्या पाइपसाठी भिंतीला किंवा स्लॅबला छिद्र पाडले जाते. पाइपभोवतीची फट अनेकदा नुसत्या सिमेंटने बुजवतात. विदर्भाच्या उन्हात धातूचा पाइप तापून प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि सिमेंटला बारीक तडा जातो. पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला नसेल, तर पाणी थेट आत उतरते. उपाय बाहेरून करावा लागतो: उतार दुरुस्त करणे, फटीत लवचीक सीलंट भरणे, पाइपच्या तोंडावर टोपी बसवणे आणि स्लॅबवर पाइपभोवती उंचवटा बांधून वॉटरप्रूफिंग करणे. आतला रंग डाग झाकतो, पाणी अडवत नाही.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या रेरा कायद्यातील कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष विकासकाच्या निदर्शनास आणल्यास त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तसे न केल्यास ग्राहकाला भरपाई मागता येते. तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते.

मेख कुठे आहे?

५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा ८ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा तर सदनिका खरेदीदारच नसतो. लहान गावांत असे बांधकाम नेहमीचे. त्यांच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. घरबांधणी ही त्यात ‘सेवा’ मानली आहे. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

म्हणूनच ‘पावसाळा गेल्यावर बघू’ हे उत्तर महागात पडते. पावसाळा संपला की गळती थांबते, तक्रार विसरली जाते, पण मुदत सरतच राहते.

काय करावे?

• पहिला डाग दिसताच तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढावेत. तक्रार लेखी द्यावी; व्हॉट्सॲपसोबत नोंदणीकृत पत्रही पाठवावे.
• छिद्र कोणी पाडले, याची नोंद ठेवावी. चिमणी बसवणाऱ्याने नंतर पाडले असेल, तर बांधकाम करणारा जबाबदारी झटकू शकतो.
• दुरुस्तीनंतर बाहेरून पाइपभोवती पाणी मारून चाचणी घ्यावी. त्याआधी ‘काम पूर्ण’ अशी सही करू नये.
• नवे काम देताना गळतीची हमी किती वर्षांची, हे करारात लिहून घ्यावे.

सरकारी बांधकामांत दोषदायित्व कालावधी असतो आणि तो संपेपर्यंत ठेकेदाराची सुरक्षा ठेव राखून ठेवली जाते. घर बांधणाऱ्या कुटुंबानेही शेवटच्या हप्त्यातील काही रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत राखावी आणि ती अट सुरुवातीलाच कागदावर आणावी. चांगल्या ठेकेदाराला यात गमावण्यासारखे काही नाही. आयुष्याची बचत घरात घालणाऱ्याने दरवर्षी त्याच डागाखाली बादली ठेवावी, हे मात्र कोणत्याही व्यवहारात बसत नाही.