बंध तुटतो, मग ऊर्जा येते कोठून?

विद्यार्थी मित्रहो, ‘ए.टी.पी.मधील फॉस्फेटचा बंध तुटतो व त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते’, हे वाक्य तुम्ही उत्तरपत्रिकेत लिहिले असेलच. मी पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही अनेक वर्षे हे वाक्य मी निमूटपणे मान्य केले. एकदा खर्ड्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, चिकटलेली दोन चुंबके वेगळी करायला जोर आपल्याला लावावा लागतो. मग बंध तुटल्यावर उलट ऊर्जा कशी मिळते?”

त्याचे म्हणणे बरोबर होते. कोणताही रासायनिक बंध तोडण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते. ऊर्जा मिळते ती नवे, अधिक बळकट बंध जुळताना. ज्वारीच्या भाकरीतील पिष्टापासून ग्लुकोज बनते. त्यातील कार्बन व हायड्रोजन यांची ऑक्सिजनशी जोडणी होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते, तेव्हा खर्च वजा जाता ग्रॅममागे सुमारे १६ किलोज्यूल ऊर्जा शिल्लक उरते. चुलीत धसकटे जळतात, तेथेही हिशेब हाच. फरक इतकाच, की पेशीत ही ऊर्जा टप्प्याटप्प्याने सुटते.

पुढची गंमत तर पदार्थविज्ञानाचीच आहे. तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून या ऊर्जेने हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलले जातात. पटलाच्या दोन बाजूंत सुमारे ०.१५ व्होल्टचा फरक पडतो; पण पटलाची जाडी अवघी ५ नॅनोमीटर! म्हणजे मीटरमागे ३ कोटी व्होल्ट. आयन परत आत येताना एक इवलेसे चक्र फिरवतात आणि ए.टी.पी. तयार होते. ही कल्पना मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९२९ साली ए.टी.पी. शोधणाऱ्यांत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव हेही होते.

ए.टी.पी.ची पाण्याशी अभिक्रिया होऊन अधिक स्थिर पदार्थ बनतात, म्हणून ऊर्जा मिळते. ए.टी.पी. हे कोठारही नव्हे. ती हातातली मोड आहे. कोठार म्हणजे ग्लायकोजेन आणि चरबी.

शिक्षक बंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे, की ते जुने वाक्य फळ्यावरून पुसावे. आणि मित्रहो, जीवशास्त्राच्या तासाला पदार्थविज्ञानाचा प्रश्न विचारायला संकोचू नका. वह्या आपण वेगळ्या केल्या. निसर्गाची वही एकच आहे.