'चालते' म्हणजे नेमके काय चालते?

फौजेत एक साधा नियम आहे. पिठ्ठूचे वजन रिकाम्या पिठ्ठूवरून सांगत नाहीत. पाणी, शिधा, पांघरूण, सगळे भरून पाठीवर घेतले की जे खांद्याला कळते ते वजन. कॅमेऱ्याच्या बाजारात मात्र रिकामा पिठ्ठू तोलून विकायची पद्धत पडली आहे, आणि सुट्टीवरून परतणारी आमची पोरे त्याला भुलत आहेत.

उदाहरण घेतो निकॉनच्या झेड ६ चे. फुल-फ्रेम मिररलेस, २०१८ साली आला. आता सेकंडहँड बाजारात मिळतो, म्हणून जवानाच्या आवाक्यात येतो. बॅटरी आणि कार्डासह वजन ६७५ ग्रॅम. त्याच कंपनीचा २०१४ चा आरशाचा डी७५० ८४० ग्रॅम. ऐकायला फरक छान वाटतो. पण ज्याच्याकडे जुन्या एफ-माउंटच्या लेन्स आहेत, त्याला मध्ये एफटीझेड अडॅप्टर लावावाच लागतो. तो १३५ ग्रॅमचा. बेरीज ८१०. वाचले किती? तीस ग्रॅम! एक जादा बॅटरी खिशात टाकली की तेही गेले.

आणि जादा बॅटरी लागतेच. जपानी कॅमेरा उद्योगाच्या सीपा मोजणीनुसार डी७५० एका चार्जमध्ये १२३० फोटो काढतो, झेड ६ व्ह्यूफाइंडरवर ३१०. बॅटरी दोन्हींत एकाच घराण्यातली. फरक पडतो तो मिररलेसमध्ये डोळा लावला की आतला छोटा पडदा सतत जळत राहतो म्हणून. पक्षी उडायची वाट बघत बसणाऱ्याला हा खर्च एकही फोटो न काढता भरावा लागतो. लेहच्या थंडीत लिथियम बॅटरी आणखी लवकर मान टाकते. तिथे बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात छातीशी धरून ठेवावी लागते.

आता मुख्य भांडण लेन्सचे. आमच्या युनिटमधल्या एका पोराने डी७५० विकून मिररलेस घेतला. दुकानदाराने सांगितले होते, "अडॅप्टर घ्या, जुन्या सगळ्या लेन्स चालतील." पोरगा आला आणि म्हणाला, "उस्ताद, लेन्स बसते, पण फोकस हलतच नाही." हलणार कसा? त्याची लेन्स ५० मिमी एफ/१.८ डी. ह्या एएफ-डी जातीच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर एका स्क्रूने तिचा फोकस फिरवते. डी७५० मध्ये ती मोटर आहे. झेड ६ मध्ये नाही, अडॅप्टरमध्येही नाही. २०२१ ला अडॅप्टरची दुसरी आवृत्ती आली. खालचा ट्रायपॉडचा पाय काढला, पकड सुधारली, पण मोटर काही घातली नाही.

म्हणजे लेन्स 'चालते', एक्स्पोजर मिळते, फोकस हाताने करा. ह्याला चालणे म्हणायचे असेल, तर इंजिन बंद पडलेली गाडीही ढकलून चालतेच की! एएफ-एस लेन्सचा फोकस अडॅप्टरवर व्यवस्थित होतो, हेही सांगतो. मग दुकानात दोन्हींना एकच शब्द का?

कोणी म्हणेल, १९५९ च्या माउंटचे लोढणे कुठवर ओढायचे? खुशाल सोडा. कॅननने १९८७ ला ईएफ माउंट आणताना जुन्या लेन्सवाल्यांना सरळ सोडले होते. पण तेव्हापासून मोटर लेन्समध्ये घातली, म्हणून आज ईएफ लेन्स आरएफ कॅमेऱ्यावर अडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात. सोडले तर सोडले म्हणा. माझा राग तोडण्यावर नाही, अर्धवट जोडून 'सगळे चालते' म्हणण्यावर आहे.

मिररलेसचे गुण मी नाकारत नाही. क्लिक करण्याआधी उजेड कसा येणार ते दिसते. आवाज न करता फोटो निघतो, पाखरू दचकत नाही. सेन्सरच हात स्थिर धरतो. जुनी हाताने फिरवायची लेन्स असेल, तर डोळ्यासमोर चित्र मोठे करून फोकस आरशाच्या कॅमेऱ्यापेक्षा नेमका लागतो. झेड ६ ची पकडही खोल आहे. पण लोकरी हातमोज्यात टचस्क्रीन मुका होतो, तेव्हा डी७५० च्या पडद्याशेजारची बटणांची उभी रांग आठवते. आणि जैसलमेरच्या वाऱ्यात लेन्स बदलताना सेन्सरपुढे आरसा नसतो, वाळूला दार उघडेच.

म्हणून नव्या पोरांना माझे सांगणे एवढेच. पगाराचे पैसे टाकण्याआधी आपल्या लेन्स घेऊन दुकानात जा. प्रत्येक लेन्स लावा, बटण अर्धे दाबा, फोकस हलतो का बघा. हातमोजे घालून कॅमेरा धरा. अडॅप्टर आणि बॅटऱ्यांसकट वजन करा. हे सगळे होईपर्यंत जुना कॅमेरा विकू नका. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. ओझे त्याला वाहायचे नाही, तुम्हाला वाहायचे आहे.