मताची काटापट्टी मागून घ्या



कापसाची गाडी काट्यावर चढली की आपला माणूस मापाड्याच्या खांद्यावरून डोकावून आकडा बघतो. भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन पट्टीवर उतरल्याशिवाय तो जागचा हलत नाही. पाच किलोसाठी भांडणारा हाच शेतकरी मत देतो, बोटाची शाई बघत घरी जातो आणि निकाल टीव्हीवर ऐकतो.

मताचीही काटापट्टी असते. तिचे नाव नमुना १७ सी. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे मतदान संपले की केंद्राध्यक्षाने ती भरायची. यादीत मतदार किती, नोंदवहीत किती उतरले, नोंद होऊनही मत न देता परतले किती, यंत्रात मते किती. वजाबाकी जुळली पाहिजे. यंत्राचे नंबर, कागदी सीलचे नंबरही त्यातच. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हाही वापरलेल्या, उरलेल्या, रद्द झालेल्या पत्रिकांचा असाच हिशेब होता. सरकारी कागदांचे कौतुक आम्ही सहसा करत नाही, पण हा कागद कामाचा आहे.

त्याची खरी प्रत मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यायची, पोच घेऊन. 'हजर असलेल्या' हे शब्द नीट वाचा.

२०२४ च्या लोकसभेचा पहिला टप्पा १९ एप्रिलला झाला, अंतिम टक्केवारी आली ३० एप्रिलला. केंद्रवार १७ सी जाहीर करा, अशी मागणी सुप्रीम कोर्टात गेली. निवडणूक चालू असल्याने कोर्टाने २४ मे रोजी आदेश दिला नाही. दुसऱ्या दिवशी आयोगाने मतदारसंघवार आकडे दिले, केंद्रवार नाहीत. प्रत प्रतिनिधीला मिळतेच, हे आयोगाचे म्हणणे. आम्हाला ते पुरेसे वाटत नाही. पण आपला प्रतिनिधी होता कुठे? माझ्या गावच्या केंद्रावरचा आमचा गडी पाच वाजता जेवायला गेला तो परतलाच नाही. प्रत मागायला कोणी नव्हते, दोष कोणाला देणार?

मोजणीच्या टेबलावर यंत्राचा एकूण आकडा याच कागदाशी ताडतात. दुसऱ्या भागात पर्यवेक्षक उमेदवारवार मते लिहितो आणि प्रतिनिधींच्या सह्या घेतो. हातात प्रत नसलेला प्रतिनिधी कशाच्या भरवशावर सही करतो?

उमेदवाराला प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी नेमता येतात. तिघेही नेमायला लावा. शेवटच्या पाळीला चिवट माणूस बसवा, त्याची भाकरी आधीच पोचवा. आलेली प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. निकालानंतर केंद्रवार मतांचा नमुना २० निघतो, त्यात आपल्या केंद्राची ओळ शोधून दोन्ही आकडे शेजारी मांडा.