राऊटर खोटं बोलत नाही, पण त्याला सगळं ठाऊक नसतं!

मीरा रोड-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला दोन गोष्टींचं स्टेटस सतत लागतं. एक लोकलचं, दुसरं नेटचं. लोकलचं इंडिकेटरवर दिसतं. नेटचं मात्र केबलवाला सांगेल ते! लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या फुल्ल, राऊटरचे दिवे हिरवेगार आणि मीटिंगमध्ये बॉसचा चेहरा तोंड उघडं ठेवून फ्रीझ. फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, 'सर, लाइन एकदम ओके आहे, तुमच्या राऊटरचा प्रॉब्लेम आहे.' आता यांच्याशी भांडायचं कसं?

पुरावा असेल तर भांडता येतं ना! आणि हा पुरावा तुमच्याच घरात असतो. राऊटरच्या मागे, धूळ खात पडलेल्या दुसऱ्या डब्यात. म्हणजे मॉडेममध्ये.

थोडा फ्लॅशबॅक. २००५ मध्ये एमटीएनएलचं ट्रायबँड आलं, तेव्हा २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हणायचे. (२०२३ पासून किमान २ एमबीपीएस लागतात, बरं का!) त्या काळी बहुतेक घरांत एकच डबा होता. कॉम्प्युटरची वायर थेट मॉडेममध्ये. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाइप केलं की लाइनची कुंडली समोर हजर. मग वाय-फाय आलं आणि मध्ये राऊटर येऊन बसला. आता तोच पत्ता टाकला तर बऱ्याचदा राऊटरचं पान उघडतं. मॉडेम गायब!

असं का? १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. १९९६ च्या एका इंटरनेट मानकाने ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. तुमच्याही घरात तेच, शेजारच्याही घरात तेच. समजा, शांतीनगरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये 'ए-१' नावाची बिल्डिंग आहे. तुमच्या सेक्टरच्या वॉचमनला 'ए-१ कुठे?' विचारलं तर तो आपल्याच सेक्टरमधली दाखवणार. राऊटर म्हणजे हा वॉचमन. राऊटर आणि मॉडेम दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर तुमची रिक्वेस्ट गेटबाहेर पडतच नाही.

उपाय सोपा आहे. राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.५.१ करा आणि लॅपटॉप पुन्हा कनेक्ट करा. आता मॉडेमचा पत्ता टाका (इंग्रजी आकड्यांत, अर्थात). तो डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. केबल टीव्हीच्या वायरवर चालणाऱ्या मॉडेमचा बहुधा १९२.१६८.१००.१ असतो आणि तो राऊटरमागूनही सहसा लगेच उघडतो.

तरीही उघडलं नाही? मग राऊटरमध्ये कनेक्शन टाइप पाहा. 'पीपीपीओई' असेल, म्हणजे युजरनेम-पासवर्ड राऊटरमध्येच भरलेला असेल, तर तुमची रिक्वेस्ट मॉडेमच्या अंगावरून थेट कंपनीकडे निघून जाते. अशा वेळी लॅपटॉपची वायर सरळ मॉडेमला लावा आणि लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० असा त्याच्या शेजारचा पत्ता द्या. दोन मिनिटांचं काम. एक मात्र लक्षात ठेवा. काही बिल्डिंग्जमध्ये केबलवाल्याने कॉमन बॉक्समधून थेट लॅनची वायर घरात आणलेली असते. तिथे घरात मॉडेम नसतोच, उगाच शोधत बसू नका!

पान उघडलं की बघायचं काय? फायबर असेल तर 'आरएक्स पॉवर'. म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणारा प्रकाश. घरगुती फायबरसाठी साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही मर्यादा. उणे २० असेल तर मजेत राहा. उणे २७ च्या खाली गेलं तर गडबड. हे गणित फसवं असतं, दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो. उणे २० चं उणे २६ झालं म्हणजे चौथा हिस्साच उरला! कारण? टीव्ही युनिटमागे दुमडलेली वायर, मळलेला कनेक्टर किंवा बाहेरचा सैल जोड. जुन्या फोन लाइनवर असाल तर 'एसएनआर मार्जिन' बघा. ६ डीबीच्या खाली गेलं की लाइन तुटत राहणार.

दोन सूचना. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो. आणि वैतागून ते बारीक रीसेटचं भोक टाचणीने दाबू नका. सेटिंग उडालं तर पुन्हा केबलवाल्याचीच वाट बघायची. हां, लॉगिनचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन' असेल तर तो मात्र आजच बदला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पान नेट मस्त चालू असताना उघडा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नेट गेलं की दुसरा काढा. मग फोनवर 'नेट स्लो आहे हो' असं रडगाणं गायची गरज नाही. 'रविवारी उणे १९ होतं, आज उणे २८ आहे, माणूस पाठवा,' एवढंच म्हणा. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी अर्धी सुट्टी कापली जाण्यापेक्षा हे बरं, नाही का?