डावी खिडकी की उजवी?

गेल्या नोव्हेंबरमध्ये आमचे आप्पा शाळेच्या वार्षिक समारंभाला आले. सातारा, पुणे, दिल्ली आणि तिथून गुवाहाटी. बहात्तराव्या वर्षी पहिला विमानप्रवास. तिकिटं मी काढली. दिल्ली-गुवाहाटीला खिडकी हवी म्हणून जी मोकळी दिसली ती, उजवीकडची एफ, घेऊन टाकली. गुवाहाटीला उतरल्यावर विचारलं, "काय काय दिसलं?" म्हणाले, "ऊन. आणि खाली शेतं. पलीकडची माणसं मात्र माना वाकड्या करून काहीतरी बघत होती."

आप्पांनी फौजेतली तीन वर्षं सिक्कीममध्ये काढलीत. कांचनजंगा त्यांनी रोज खालून पाहिलेलं. आणि त्यांचा मुलगा या शाळेत नकाशावाचन शिकवतो!

खिडकीची बाजू निवडणं हा पोरकटपणा आहे, त्यासाठी जादा पैसे भरणं ही उधळपट्टी आहे, असं आमच्या स्टाफरूममध्ये बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. कॅडेट्सना आपण मैदानात होकायंत्र घेऊन उभं करतो, उत्तर शोधायला लावतो. आणि सुट्टीत घरी जाताना हीच मुलं सीटबेल्टचा दिवा विझायच्या आत तोंड उघडं टाकून झोपतात.

हिशेब अगदी साधा आहे. दिल्लीहून गुवाहाटी म्हणजे पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकून. पूर्वेला तोंड केलं की डावा हात उत्तरेला, म्हणजे हिमालयाकडे. हा सगळा मार्ग कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. उजव्या खिडकीत ऊन, डावीत सावली आणि बर्फ. १०,००० मीटरवरून क्षितिज सुमारे ३५० किलोमीटर लांब असतं. एव्हरेस्ट (८,८४८.८६ मीटर) आणि त्यानंतर येणारं कांचनजंगा (८,५८६ मीटर) दोन्ही त्याच्या बरंच आत येतात. ढग नसले पाहिजेत, एवढीच अट. पावसाळा संपल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर त्यासाठी उत्तम.

बाजू बरोबर आली तरी पंख आडवा येतो. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये पंख खिडकीच्या खाली असतो, म्हणून पुढच्या रांगा घ्याव्यात. पंखामागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेत डोंगर थरथरताना दिसतात. एटीआर ७२ चा पंख वर, छताला असतो. खालचं सगळं मोकळं. ७३७ मध्ये तर एखाद्या रांगेला खिडकीच नसते, कारण भिंतीतून वातानुकूलनाची नळी गेलेली असते. पैसे भरून भिंत बघत बसलेले गृहस्थ मी पाहिलेत.

पालकांना सांगतो, प्रत्येक प्रवासात हा खर्च करू नका. पुणे-दिल्लीला डावं काय, उजवं काय. सकाळचं विमान असेल तर ऊन उजवीकडून येईल, तेवढं बघा. आणि पुणे, बागडोगरा, लेह हे हवाई दलाचे तळ आहेत. तिथे जमिनीवर कॅमेरा बाहेर काढायचा नाही, खिडकी झाका म्हटलं की झाकायची. आपल्या मुलांना हे दोनदा सांगावं लागू नये.

परतीचं तिकीट मी नकाशा समोर ठेवून काढलं. आता तोंड पश्चिमेला, म्हणजे उत्तर उजवीकडे. पुन्हा एफच, पण पुढची रांग. सीटचे वेगळे पैसे भरले, आप्पांना ते सांगितलं नाही.

संध्याकाळी दिल्लीहून फोन आला. "दिसलं रे. आम्ही तिकडून बघायचो, इकडून जरा निराळंच दिसतं. शेजारच्या पोराला दाखवावं म्हटलं, तर ते झोपलेलं. तुमच्याच शाळेचं होतं, ब्लेझरवरून ओळखलं."